सिंधुदुर्गावरील धनकथांचें परीक्षण

मालवणच्या बंदरासमोर कुरटें नांवाचें जें खडकाळ बेट आहे, त्यावर उभा असलेला सिंधुदुर्ग किल्ला इतिहासाभ्यासकांस नवीन नाहीं. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत महाराष्ट्रांतील अकरा व तमिळ देशांतील जिंजी मिळून जे बारा मराठी किल्ले दाखल झाले, त्यांत हाही आहे. सुटीच्या दिवसांत मालवणच्या धक्क्यावरून तेथें होड्यांची रीघ लागते. दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींचें गोडें पाणी भर समुद्रांत पाहून नवल करावें, चुन्यांत उमटलेल्या महाराजांच्या हातापायांच्या ठशांपुढें हात जोडावे आणि परतावें, असा प्रवाशांचा क्रम असतो. तेवढ्या वेळांत त्यांच्या कानीं जें पडतें, त्याचे दोन भाग करतां येतात. एक इतिहास, व दुसरा पुरलेल्या धनाच्या गोष्टी. पहिला भाग बहुतेक लोक होडींतून उतरतांना विसरतात. दुसरा मात्र घरीं नेतात, आणि तो दूरदूरच्या गांवीं जाऊन रुजतो. आम्ही राहतों तें वडनेर भोलजी गांव वऱ्हाडांत, मलकापूर-नांदुरा रस्त्यावर आहे. समुद्राचा व त्याचा कांहीं एक संबंध नाहीं. तरीही सिंधुदुर्गाच्या गुप्त द्रव्याचा म्हणून एक मोडी कागद आमच्या बाजूस येऊन पोंचला, व त्याच्यापायीं एका शेतकऱ्याचें शेत गहाण पडण्याची वेळ आली. त्या कागदाचें परीक्षण पुढें येईलच. तत्पूर्वीं ज्या कथांच्या आधारावर तो रचलेला आहे, त्या तपासून पाहणें प्राप्त आहे.

तपासणीची रीत आम्हांस नवी शोधून काढावयास नको. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत हरवलेल्या द्रव्यावर हक्क सांगणाऱ्यास राजानें कोणते प्रश्न विचारावे हें सांगितलें आहे. द्रव्य कोठें गेलें, केव्हां गेलें, त्याचा वर्ण काय, रूप काय, प्रमाण किती, हें ज्यास सांगतां येईल तो मालक. ज्यास सांगतां येणार नाहीं त्यास तितक्याच रकमेचा दंड. धनकथा सांगणाऱ्यांवर हा दंड बसविण्याचा अधिकार आज कोणास नाहीं, परंतु प्रश्न विचारण्यास हरकत नसावी.

आधीं इतिहासाचा जो भाग निश्चित आहे तो थोडक्यांत सांगून टाकूं. पायाभरणीची मिति शके १५८६, क्रोधी संवत्सर, मार्गशीर्ष वद्य २ अशी सांगतात व तिची इंग्रजी तारीख २५ नोव्हेंबर १६६४ अशी देतात. ही तारीख जुन्या ज्यूलियन पद्धतीची धरली पाहिजे. तशी धरली म्हणजे संवत्सर, मास व तिथि यांचा मेळ बसतो. नव्या पद्धतीनें तोच दिवस ५ डिसेंबर येतो. पुष्कळ पुस्तिकांतून ही गोष्ट सांगितलेली नसते, व मग पंचांग उलटें मोजणाऱ्यास तिथि चुकल्यासारखी वाटते. किनाऱ्यावर ज्या खडकावर गणेश, सूर्य, चंद्र वगैरे आकृति कोरलेल्या आहेत व ज्यास मोरयाचा धोंडा म्हणतात, तेथें प्रारंभींचें पूजन झालें अशी परंपरा आहे. काम सुमारें तीन वर्षें चाललें. तटाचा घेर दोन मैलांच्या आसपास, उंची तीस फूट, रुंदी बारा फूट, व आंतील क्षेत्र ४८ एकर, असें मोजमाप सर्वत्र दिलेलें असतें. महाराजांची मूर्ति असलेलें शिवराजेश्वराचें देऊळ राजारामांच्या कारकीर्दींत झालें. पुढें किल्ला कोल्हापूरकरांकडे राहिला. १७६५ सालीं मुंबईकर इंग्रजांनीं तो घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें, परंतु तो लवकरच परत केला. आणि १८१२ च्या तहानें मालवण बंदरासह तो कायमचा इंग्रजांकडे गेला. एवढा सांगाडा डोळ्यांपुढें असला म्हणजे पुरे.

आतां पहिली कथा. ती अशी कीं, हा किल्ला बांधण्यास एक कोट होन लागले. ही मूळची धनकथा नव्हे, खर्चाची कथा आहे. पण हिच्याच पोटीं बाकीच्या सर्व जन्मल्या आहेत, म्हणून तिचा विचार सविस्तर करणें जरूर आहे.

होनाचा भाव स्थलकालाप्रमाणें बदलत असे. तो कमींत कमी, तीन रुपये, धरला तरी कोट होनांचे तीन कोट रुपये होतात. १६६४ च्या जानेवारींत सुरतेंतून जें द्रव्य महाराजांनीं आणलें, त्याचा अंदाज सामान्यतः एक कोट रुपयांच्या आसपास करण्यांत येतो. म्हणजे सुरतेसारखीं तीन शहरें लुटून सर्व द्रव्य या एका बेटावर ओतावें तेव्हां कोठें हा आंकडा भरेल. दुसरें प्रमाण याहूनही निर्णायक आहे. किल्ल्याचें काम चालूं असतांच, जून १६६५ मध्यें, पुरंदरचा तह झाला. त्या तहान्वयें जे २३ किल्ले मोंगलांस द्यावे लागले, त्यांखालील मुलुखाचें उत्पन्न वार्षिक ४ लक्ष होन, आणि महाराजांकडे जे १२ किल्ले राहिले त्यांखालील मुलुखाचें १ लक्ष होन धरलेलें आहे. दोन्ही मिळून पांच लक्ष. ज्या राज्याचें सारें उत्पन्न पांच लक्ष होन, तें राज्य वीस वर्षांची संपूर्ण जमा, फौजेस, आरमारास व पोटास एक कवडीही न ठेवतां, तीन वर्षांत एका किल्ल्यावर खर्च करील हें संभवत नाहीं. त्याच तहांत कोंकण व बालाघाट या प्रदेशांच्या बदल्यांत ४० लक्ष होन तेरा वर्षांच्या हप्त्यांनीं देण्याचें कलम आहे. ज्याच्यापाशीं एका बेटासाठीं कोट होन रोख आहेत, तो चाळीस लाखांस तेरा हप्ते कशास मागेल?

याच्या जोडीस इ. स. १६७१-७२ ची किल्ल्यांच्या कामाकरितां रकमा नेमून दिल्याची यादी पाहावी. तींतील एकंदर रक्कम १,७५,००० होन आहे. पैकीं राजधानीच्या रायगडास ५०,००० व सिंधुदुर्गास १०,००० नेमलेले आहेत. हे दहा हजार मूळ बांधणीचे नसून पुढच्या कामाचे आहेत हा भेद आम्ही विसरत नाहीं. तथापि महाराजांच्या दफ्तरांत किल्ल्यांच्या कामाचे आंकडे कोणत्या मापांत चालत हें त्यावरून स्पष्ट कळतें. लक्ष हा शब्द तेथें साऱ्या मुलुखांतील किल्ल्यांच्या बेरजेस लागतो. कोटीची गांठच पडत नाहीं.

मग कोटी आली कोठून? संस्कृतांत कोटि म्हणजे मूळ धनुष्याचें टोंक. त्यावरून कोणत्याही गोष्टीची कड, पराकाष्ठा. आणि संख्यावाचक अर्थ त्याच शब्दास चिकटलेला. आमच्या पुराणांत देव तेहेतीस कोटि, तीर्थें कोटि, जप कोटि. तेथें कोणी हिशेब मागत नाहीं. पुढच्या काळांतील बखरकारांच्या भाषेंत हा शब्द याच डौलानें येतो, व कथेकऱ्यांच्या तोंडीं तर तो ठायीं ठायीं असतो. सिंधुदुर्गाचें अलंकारिक वर्णन करणारी चित्रगुप्ताची बखर किल्ल्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, कोल्हापूरच्या आश्रयानें झालेली आहे. अशा ग्रंथांतून किल्ल्याविषयीं त्या काळच्या लोकांस काय वाटे हें समजून घ्यावें. गवंड्यास काय रोज मिळाला हें त्यांत शोधूं नये. अलंकारास हिशेब समजण्याची ही खोड आमच्यांतील चांगल्या चांगल्या लेखकांसही आहे.

या आंकड्यापासून पुरलेल्या धनाची कथा कशी निघाली, ती पायरी मौजेची आहे. कोट होन किल्ल्यांत घातले, या वाक्याचा अर्थ लोकांनीं कोट होन किल्ल्याखालीं घातले असा केला! एका शिवराई होनाचें वजन सुमारें पावणेतीन ग्रॅम भरतें. त्या मानानें कोट होन म्हणजे सत्तावीस टनांवर सोनें. तें खर्च झालें म्हणावें तर पाथरवट, लोहार, गवंडी, खलाशी व गलबतवाले यांच्या घरीं गेलें. पुरलें म्हणावें तर खर्च झालें नाहीं. एकच पैसा दोन्ही ठिकाणीं असूं शकत नाहीं, एवढें साधें गणित कथा सांगणारा करीत नाहीं, व ऐकणाराही करूं देत नाहीं.

पायांत पांच खंडी शिसें ओतल्याची जी गोष्ट सांगतात, तिच्याविषयीं आमचें मत निराळें आहे. दगडांच्या सांध्यांत शिसें ओतून ते पक्के करण्याची रीत जुनी व व्यवहारांतली आहे. वीस मणांची खंडी धरतां पांच खंडी म्हणजे शंभर मण. हें माप एवढ्या मोठ्या कामास मुळींच अतिशयोक्तीचें नाहीं. या बेटावरच्या धातूच्या गोष्टींत रूप, स्थळ व प्रमाण हीं तिन्ही सांगणारी व शक्यतेच्या मर्यादेंत राहणारी एवढीच एक गोष्ट आहे. ती शिशाची आहे हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

दुसरी कथा भुयाराची. देवळाजवळ पाण्याच्या टाक्यासारखी दिसणारी जागा आहे, तींतून भुयार निघतें, तें बेटाखालून तीन किलोमीटर, समुद्राखालून बारा किलोमीटर व पुढें जमिनीखालून आणखी बारा किलोमीटर जाऊन एका गांवीं उघडतें, इंग्रजांनीं तें बुजविलें, आणि खजिना त्यांतच राहिला, असें सांगण्यांत येतें. येथें आंकडे आहेत, व आंकडे असले म्हणजे परीक्षकाचें काम सोपें होतें. ज्या बेटाच्या तटाचा संपूर्ण घेरच तीन किलोमीटरांच्या आसपास, त्याच्या पोटांतून तीन किलोमीटर सरळ भुयार जाणार कसें? तें बेटाबाहेर पडेल, किंवा आंतल्या आंत गोल फिरत राहील. आणि किनारा जेथें अर्ध्या मैलाच्या आंतबाहेर आहे, तेथें किनाऱ्यास पोंचण्यासाठीं समुद्राखालून बारा किलोमीटर जाण्याचें प्रयोजन काय? ही वाट खोदणारा मालवणकडे पाठ करून निघाला असावा.

तथापि कथेस मूळ मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गप्रकरणीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, किल्ल्यास एकच दरवाजा असणें ही मोठी उणीव होय; दोनतीन दरवाजे व चोरदिंड्या ठेवाव्या. सिंधुदुर्गाचा मुख्य दरवाजा तटाच्या वळणांत असा दडविला आहे कीं, नवख्या माणसास तो जवळ जाईपर्यंत दिसत नाहीं. आणि ज्यास राणीची वेळा म्हणतात त्या लहानशा पुळणीकडे तटांतून एक छोटी दिंडी उतरते. हीच खरी गुप्त वाट. ती पाहून ताराबाईंच्या काळच्या राणीवशाचें स्मरण करावयाचें, तर लोक तिच्यावरून चालत पुढें जातात व कोरड्या टाक्यांत भुयार शोधतात. चोरदिंडीचें भुयार व टाक्याचें तळघर होणें हा सर्व किल्ल्यांवरचा नेहमींचा विकार आहे. दौलताबादेस भुयारी वाट खरोखरीच आहे, तेव्हां ती सर्वत्र असलीच पाहिजे, असा यामागील तर्क दिसतो.

आतां कालाचा प्रश्न. धन पुरलें म्हणतात तें केव्हां पुरलें? ज्यांस उत्तर द्यावेंसें वाटतें ते तीन प्रसंग सुचवितात. एक, महाराजांचा मृत्यु व रायगडचा पाडाव. सभासदानें आपल्या बखरींत महाराजांच्या पश्चात् असलेल्या खजिन्याची लांबलचक याद दिली आहे. पातशाही, देवराई, रामचंद्रराई, अच्युतराई, शिवराई अशा होनांच्या अनेक जाती तींत वेगवेगळ्या नोंदलेल्या आहेत. तिच्यांतील आंकडे कितपत घ्यावयाचे हा वाद येथें नको. आमच्या कामापुरती गोष्ट इतकीच कीं, राज्याचा खजिना जातवार मोजून लिहिला जात असे, आणि १६८९ सालीं रायगड मोंगलांच्या हातीं गेल्यावर त्याची दिशा मालवणकडे होती असें दाखविणारें एकही प्रमाण पुढें आलेलें नाहीं. त्यापूर्वींच्या नऊ वर्षांत संभाजीमहाराजांस मोंगल, सिद्दी व फिरंगी या तिघांशीं लढावें लागलें. लढायांस द्रव्य लागतें, हेंही विसरूं नये.

दुसरा प्रसंग १७६५ चा. हा मात्र कथेच्या पक्षास फार घातक आहे. किल्ला घेतल्यावर इंग्रजांचा विचार तो ठेवून घेण्याचा होता, म्हणूनच त्यांनीं त्यास आपल्या तऱ्हेचें नांव दिलें. परंतु बाळगावा तर फायदा नाहीं व पाडावा तर पाडणें अवघड, असें पाहून त्यांनीं तो कोल्हापूरकरांस परत करण्याचें ठरविलें. व्यापारास उपद्रव न देण्याची हमी आणि ३ लक्ष ८२ हजारांवर रुपये हा त्याचा मोबदला. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटियरांत ही हकीकत आहे. हे मुंबईकर इंग्रज द्रव्याच्या बाबतींत उदासीन होते असें कोणी म्हणेल तर त्यानें नऊ वर्षें मागें जाऊन विजयदुर्गाकडे पाहावें.

१३ फेब्रुवारी १७५६ रोजीं वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. पेशव्यांची फौज दोस्त म्हणून किनाऱ्यावर होती. तिला आंत शिरूं न देतां इंग्रजांनीं किल्ल्यांतील संपत्ति आपसांत वांटून घेतली. त्यांच्याच लेखकांनीं तिचा अंदाज दहा लाखांपासून साडेबारा लाख रुपयांपर्यंत दिला आहे. वांटणींत आरमाराचा हिस्सा किती व पायदळाचा किती यावरून मोहीम निघण्यापूर्वींच तंटा माजला होता. क्लाइव्हाचा वांटा त्याच्या हुद्द्यास कमी पडतो म्हणून वॉटसननें आपल्यांतून भर घालण्याचें बोलून दाखविलें व क्लाइव्हानें तें नाकारलें, येवढी बारीक हकीकत लिहिलेली सांपडते. सागरी किल्ल्यावरचा खरा खजिना हा असा असतो. तो कोठींत असतो, भुयारांत नव्हे. जिंकणारा तो मोजतो, त्यावरून भांडतो, आणि कागद मागें ठेवतो. मराठी राज्यांतही किल्ला एका हातून दुसऱ्या हातीं जातांना झडती होत असे, व तींत दाणागोटा, दारूगोळा, भांडींकुंडीं, फुटकी घागरसुद्धां उतरत असे. विजयदुर्ग झाडून नेणाऱ्या इंग्रजांस सिंधुदुर्गावर तितकेंच कांहीं आढळतें, तर तें टाकून ते पावणेचार लाखांच्या कबुलीवर संतुष्ट झाले नसते.

यावर उत्तर असें येतें कीं, गुपित इतकें खोल होतें कीं इंग्रजांस कळलें नाहीं व कोल्हापूरकरांसही आठवलें नाहीं. बरें, मग तें होडीवाल्यास कोणी सांगितलें? तिसरा प्रसंग १८१२ च्या तहाचा. त्या वेळीं किल्ला करारानें सोडला गेला असल्यामुळें घाईनें कांहीं पुरण्याचें कारणच नव्हतें.

समुद्रावरील बेट व पुरलेलें धन यांची सांगड आपल्याकडेच आहे असें नव्हे. कॅप्टन किड हा स्कॉटिश दर्यावर्दी १६९७ मध्यें कारवारास पाणी भरून गेला, दुसऱ्या वर्षीं त्यानें मलबारच्या दर्यांत एक मोठें जहाज धरलें, आणि १६९९ मध्यें अमेरिकेच्या किनाऱ्यावरील गार्डिनर बेटावर त्यानें खरोखरच कांहीं द्रव्य पुरलें. तें त्याच वर्षीं सरकारनें उकरून, यादी करून, विलायतेस त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पाठविलें. १७०१ मध्यें तो फांसावर गेला. पुरलेलें धन एवढ्या अल्प काळांत मोजून झालें, तरी तेव्हांपासून त्या किनाऱ्यावरचें प्रत्येक बेट किडच्या नांवानें खोदण्यांत आलें आहे. कॅनडांतील ओक बेटावर १७९५ पासून हा उद्योग चालला. १९६५ सालीं तेथील एका खड्ड्यांत चार माणसें प्राणास मुकलीं. द्रव्य निघालें नाहीं.

इकडे आमच्या वऱ्हाडांत समुद्र नाहीं, चांचे नाहींत, टोपीकरांचीं गलबतें नाहींत. तरी गढीगढीखालीं सात रांजण आहेत. त्यांवर नागाचा पहारा आहे. अमावास्येस हंडे एका जागेवरून दुसऱ्या जागीं सरकतात व त्यांचा खळखळाट ऐकूं येतो. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे जमिनीखालचें धन त्यास दिसतें. मालवणी मुलुखांत नागाच्या जोडीस देवचार येतो, बाकी साहित्य तेंच. जी कथा समुद्रापासून इतक्या लांब जशीच्या तशी सांपडते, ती समुद्रावरच्या एका विशिष्ट घटनेची आठवण असूं शकत नाहीं. ती आधींपासून तयार असते, व जुनी भिंत दिसली कीं तिला जाऊन चिकटते. संस्कृत वाङ्मयांत तिचीं मुळें खोल आहेत. निधि, शेवधि हे शब्द, कुबेराचे नऊ निधि, मरुत्ताचें हिमालयांत राहिलेलें धन युधिष्ठिरानें अश्वमेधासाठीं खणून आणल्याची महाभारतांतील कथा, हीं सर्वांस ठाऊक आहेत. पंचतंत्राच्या पांचव्या तंत्रांत सिद्धाच्या वाती घेऊन निघालेल्या चौघां ब्राह्मणांची गोष्ट आहे. तांबें, रुपें, सोनें मिळूनही जो पुढें गेला, त्याच्या डोक्यावर चक्र फिरूं लागलें. पण याच वाङ्मयांत दुसरीही बाजू आहे, ती आमचे कथेकरी सांगत नाहींत. मनु, याज्ञवल्क्य व कौटिल्य या तिघांनीं सांपडलेल्या निधीचे कायदे केले आहेत; राजाचा भाग किती, सांपडविणाऱ्याचा किती, लपवून ठेवल्यास दंड किती, हें ठरविलें आहे. कौटिल्यानें तर लक्षावरचा निधि राजाचा असेंच म्हटलें आहे. म्हणजे निधि ही त्यांच्या दृष्टीनें मंत्रतंत्राची बाब नसून व्यवहाराची बाब होती.

आतां त्या कागदाकडे वळूं. तो आमच्या जवळच्या एका खेड्यांतील शेतकऱ्याच्या घरच्या रुमालांत ठेवलेला होता. रुमाल पिढीजात, कागद मात्र दोन वर्षांपूर्वीं एका फिरत्या जाणत्यानें त्यास दिला व वडिलांच्या कागदांतच ठेव म्हणून सांगितलें. मोडी वाचतां येत नसल्यामुळें त्यानें तो आमच्याकडे आणला. आंतील मजकूर असा कीं, शके १५८९ पराभव संवत्सरीं, राज्याभिषेक शक अमुक, श्री छत्रपतिस्वामींच्या आज्ञेवरून सात रांजण मोहरांचे शिवराजेश्वराच्या देवळापासून ईशान्येस चाळीस फुटांवर ठेविले. माथ्यावर महाराजांच्या प्रसिद्ध संस्कृत मुद्रेची आकृति.

संवत्सरापासून आरंभ करूं. शके १५८९ चा संवत्सर प्लवंग. पराभव हा त्याच्या आदल्या वर्षाचा. एवढ्यावरून कागद खोटा ठरत नाहीं, कारण खऱ्या पत्रांतही असा एक वर्षाचा घोटाळा क्वचित् दिसतो. परंतु राज्याभिषेक शक ६ जून १६७४ रोजीं सुरू झाला. शके १५८९ म्हणजे १६६७-६८ सालीं तो लिहिणारा लेखक सात वर्षें पुढें पाहणारा असला पाहिजे. छत्रपति या पदवीचीही तीच गत. सर्वांत मोठी चूक देवळाची. शिवराजेश्वराचें देऊळ म्हणजे महाराजांच्या मूर्तीचें देऊळ. तें राजारामांच्या वेळचें. महाराज हयात असतां, त्यांच्याच आज्ञेनें, त्यांच्याच देवळापासून अंतर मोजण्यांत आलें! त्यांतून तें अंतर हातांत किंवा गजांत नसून फुटांत आहे.

बाह्य परीक्षा केली असतांही निर्णय तोच. मुद्रेचा ठसा नाहीं, ती लेखणीनें काढलेली आहे, व अक्षरांची मांडणी छापील पुस्तकांतील चित्राप्रमाणें आहे. बोरूनें लिहिलेल्या मोडींत रेघेस जाड-बारीकपणा येतो; येथें रेघ सारखी, पोलादी टांकाची, व वळण आंग्लकाळांतील कारकुनी. कागदास घोटाई नाहीं. उजेडासमोर धरला असतां गिरणीची छाप दिसते. चहाच्या पाण्यांत बुडवून तो जुना केलेला असावा असा आमचा तर्क आहे, कारण घडीच्या आंतल्या बाजूसही रंग तितकाच गडद आहे. खरा जुना कागद कडेनें व घडीवर आधीं काळवंडतो. संग्राहक मित्रांनीं ही खूण ध्यानांत ठेवावी. असे कागद आम्हां लोकांस विकण्याकरितां केलेले नसतात. ते ज्यास मोडी येत नाहीं त्याच्यासाठीं केलेले असतात, आणि म्हणून त्यांत एवढ्या ढोबळ चुका राहूं शकतात.

त्या शेतकऱ्यास जाणत्यानें मालवणास जाण्यायेण्याचा, पूजेचा व एका पायाळू मुलास बरोबर नेण्याचा खर्च म्हणून शेत गहाण टाकावयास सांगितलें होतें. आम्हीं त्यास दोन कायदे समजावून सांगितले. १८७८ च्या निधि कायद्यान्वयें दहा रुपयांवरचें गुप्तधन सांपडल्यास कलेक्टरास कळवावें लागतें, आणि १९५८ च्या कायद्यानें संरक्षित वास्तूंत परवानगीवांचून कुदळ मारणें हाच गुन्हा आहे. तिसरा कायदा, २०१३ चा, जादूटोण्यास व नरबळीस बंदी करणारा. त्याच्या अनुसूचींत गुप्तधनाच्या शोधासाठीं केलेल्या अमानुष कृत्यांचा उल्लेख मुद्दाम आहे, व तो कां करावा लागला हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांस सांगावयास नको. कायद्यांपेक्षां त्याच्या मनावर परिणाम झाला तो देवळाच्या चुकीचा. जिवंत माणसाचें देऊळ कसें असेल, असें तो स्वतःशींच दोनदां म्हणाला. शेत गहाण पडलें नाहीं.

आम्हांस अधिक चिंता वाटली ती रुमालाची. या कागदाशिवाय त्यांत आणखी सहा पत्रें होतीं. घोटीव देशी कागद, बोरूचें अक्षर, त्यांपैकीं चोहोंवर फार्सी शिक्के. विषय देशमुखी हक्काचा, एका विहिरीच्या पाण्याच्या वांटणीचा व एका वर्षींच्या अवर्षणांत वसुलाची सूट मिळण्याचा. वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल असतांना गांवच्या पाटीलकुळकर्ण्यांस दोन दरबारांची समजूत कशी काढावी लागे, हें त्यांतील एका पत्रांत फार चांगलें दिसतें. मालकानें हीं सहाही पत्रें मोहरांचा उल्लेख नाहीं म्हणून रद्दींत घालण्यासाठीं बाजूस काढलीं होतीं, आणि सातवा कागद रेशमी फडक्यांत बांधून देवाजवळ ठेवला होता. किती घरीं असें झालें असेल याचा हिशेब कोणी करूं शकणार नाहीं. सिंधुदुर्गाखालीं सोनें नाहीं याचें आम्हांस दुःख नाहीं, परंतु त्याच्या आशेनें रद्दींत गेलेल्या कागदांचें आहे.

सहाही पत्रांच्या नकला आम्हीं मालकाच्या संमतीनें करून घेतल्या आहेत व मूळ पत्रें त्याच्याच घरीं कडुलिंबाचा पाला घालून नीट बांधून ठेवविलीं आहेत. शिक्क्यांचे ठसे फार्सी जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडे वाचनास दिले असून, तें वाचन हातीं येतांच पत्रें टिपांसह याच त्रैमासिकाकडे प्रसिद्धीस धाडूं.